वाळूची किटली

तुमची आत्या लिहिते उजव्या हाताने आणि जेवते डाव्या हाताने, हे परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या लक्षात आलं. "लहानपणी पडले होते," असं तिने सांगितलं. ते खरंच आहे. पण पडल्यामुळे हात फक्त मोडला. असा राहिला तो माझ्यामुळे.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही नेवाशाला होतो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. आत्या, म्हणजे माझी मुलगी, नऊ वर्षांची होती. शाळेच्या ओट्यावरून उडी मारताना ती उजव्या हातावर पडली आणि कोपराच्या वरचं हाड मोडलं. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून तारा घातल्या. महिन्याभराने प्लास्टर आणि तारा काढल्या तेव्हा हात काटकोनात आखडलेला होता.

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. तिचं तिला हलवू द्या. मालीश नको, ओढाताण नको. खेळता खेळता सुटेल."

सासूबाईंना तालमीतल्या वस्तादांना बोलवायचं होतं. कुणाचा हात-पाय दुखावला की गावातले लोक त्यांच्याकडेच जात. ते तेल लावून सांधा ओढून देत. मी ठाम नाही म्हटलं. डॉक्टरांची मनाई सासूबाईंना दोनदा ऐकवली. शिकलेली सून असल्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

पण 'खेळता खेळता' हा मला काही उपचार वाटेना. माझ्या घरात प्रत्येक कामाला वेळ ठरलेली होती. पंधरा दिवसांत हात सरळ झाला नाही, तेव्हा मी वेळापत्रक करून भिंतीला लावलं. पहाटे साडेपाचला अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. दुधाच्या किटलीत प्रवरेची वाळू भरायची आणि ती उजव्या हातात धरून उभं राहायचं, म्हणजे वजनाने कोपर खाली येईल. दर रविवारी वाटीभर वाळू जास्त. याला ओढाताण म्हणतात, हे माझ्या मनातही आलं नाही. ओढाताण वस्ताद करतात, अशीच माझी समजूत.

तिचं तोंड पांढरं पडायचं. ओठ घट्ट मिटून ती घड्याळाकडे बघत राही.

एका संध्याकाळी सासूबाईंनी तिच्या कोपराला हात लावला. "आगं, हात तापलाय हिचा. सुजलाय बी. ठिव ती किटली खाली."

"अजून दहा मिनिटं आहेत," मी म्हणाले.

"तुझ्या इंग्रजीत पोरीला रडायची बी सुट्टी न्हाई व्हय?"

मुलगीच हसली. "आजी, मी कुठे रडतेय? मी मिनिटं मोजतेय."

दोन महिन्यांनी पुन्हा नगरला गेलो. आता कोपर उघडतही नव्हतं आणि मिटतही नव्हतं. उजव्या हातातला घास तोंडापर्यंत पोचत नव्हता. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. सांध्याच्या पुढे, जिथे नुसतं मांस असायचं, तिथे नवं हाड धरलं होतं.

"मालीश केलीत?"

"नाही," मी म्हणाले.

"मग वजन टांगलंत?"

मी बोलायच्या आत ती म्हणाली, "मीच धरत होते किटली. आईला माहीत नव्हतं."

डॉक्टर तिला रागावले. ताण दिल्यामुळेच हे हाड धरलं, आता हात बहुधा असाच राहील, म्हणाले. ती मान खाली घालून ऐकत होती. मी तिच्या शेजारी उभी होते आणि गप्प राहिले.

परतताना एसटीत मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"ते तुला रागावले असते." नेवासं जवळ आल्यावर ती म्हणाली, "आई, उद्या सकाळी मी झोपू ना?"

"झोप," एवढंच मी म्हणाले. डॉक्टरांना खरं सांगायला मी परत गेले नाही. तिची माफीही मागितली नाही. पन्नास वर्षं झाली.