पाठमोरा माणूस

लिंबू-मिरची, करणी, भानामती... असलं मी कधीच मानलं नाही. आजही मानत नाही. लातूरच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवतो. हे घडलं ते नांदेडला आर्टच्या दुसऱ्या वर्षाला असताना.

त्या आठवड्यात सरांनी युरोपातली रोमँटिक काळातली निसर्गचित्रं दाखवली होती. वठलेलं झाड म्हणजे मरण, होडी म्हणजे आत्म्याचा प्रवास, असे त्यातल्या खुणांचे अर्थ सांगितले होते. मग आउटडोअर स्केचिंगला आम्हाला विष्णुपुरी धरणावर नेलं. आमच्या वर्गात उमरीची रेखा होती. सर नेहमी तिचंच चित्र उचलून दाखवायचे, आणि ते मला सहन व्हायचं नाही. खरं तेच लिहितोय.

तिनं कोळशानं धरणाचं पाणी काढलं, काठावर वठलेली बाभळ, आणि झाडाला हात लावून उभा एक पाठमोरा माणूस. तिथं माणूस नव्हता... तिनं मनानं घातला होता. दुपारचे बारा वाजले असतील. मी चित्र उचललं आणि सरांची नक्कल करत सगळ्यांपुढं म्हणालो, "वठलेलं झाड म्हणजे मरण. हा माणूस म्हणजे रेखाचे बाबा. आता कितीही हाका मारा, ते वळत नाहीत."

पोरं हसली. ती एवढंच म्हणाली, "बाबाच हायेत ते."

तासाभरानं तिला घरून फोन आला.

आम्ही चौघं तिला घेऊन उमरीला गेलो. वडिलांचा देह अंगणात ठेवला होता. तिचा भाऊ सांगत होता, बाबा बांधावरच्या वाळल्या बाभळीला हात टेकून उभे होते, दुपारी बाराच्या सुमारास. "म्या मागून तीन डाव हाक मारली. वळलेच न्हाईत. जवळ गेलो तर कोसळले." मी काय बोललो होतो ते त्याला ठाऊक नव्हतं.

रेखा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. "त्याच तोंडानं म्हण आता," ती म्हणाली, "हाक मारली की बाबा वळतेत म्हणून."

सगळे बघत होते. मी म्हणालो.

तिनं वडिलांना हाक मारली... आणि खरंच थांबून वाट बघितली. मग दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला आईनं तिचं तोंड दाबलं.

ती परत कॉलेजला आली नाही. डॉक्टर हार्ट अटॅक म्हणाले, मित्र योगायोग म्हणतात. असेलही. पण ती बाभळ, तो हात, ती वेळ... मला अजून उलगडलेलं नाही.