समुद्रावर बसलेली मुलगी

माझ्या सासूला, साखरबाईला, अक्षरओळख नाही. तरी शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात रोज दुपारी भांडी झाली की ती माझ्यापुढं येऊन बसायची आणि म्हणायची, "वाच."

मी बारामतीच्या स्टँडवरून जुन्या कादंबऱ्या आणायचे. आमच्या निरवांगी गावच्या उन्हात मला तेवढाच गारवा. त्यातली एक ती सोडायलाच तयार नव्हती. मे महिना, कोकणातला समुद्र, वाळूवर बसलेली एक मुलगी आणि सुट्टीला आलेला डॉक्टर. तिसऱ्यांदा वाचताना माझं डोकं उठलं, कारण सासू धड ऐकतही नव्हती. मुलीचं नाव तिला सांगता यायचं नाही. डॉक्टर आला की म्हणायची, "त्येला ऱ्हाऊ दे. मागचं वाच."

आणि कोकण तिला काय नवं? मेंढरं विकेपर्यंत वीस वर्षं ती दिवाळी झाली की कळपामागं कोकणात उतरायची आणि पावसाआधी चालतच परत यायची. समुद्र तिनं पोटभर पाहिलेला. मी तर पाहिलाच नाही. मला काही उमगेना.

शेवटी मी पुस्तक मिटलं. "आत्याबाई, प्रेम तुमाला नगं, डॉक्टर नगं. मग रोज ऐकता तरी काय?"

ती माझ्याकडं बघत राहिली, जणू मीच अडाणी.

"अगं, ती बसलीया न्हवं," ती म्हणाली. "सकाळधरनं बसलीया, आन् तिला कुणी ऊठ म्हणंना. मी वीस वर्सं तितं ग्येले, एकदाबी बसले न्हाय. वाच."