ब्रेकच्या डबीत ओतलेलं तेल

दोन हजार एकोणीस साल. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि आमच्या बोरी अरब गावाच्या आसपास दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला पोट लावून पळणारी लाल गाडी माझ्या एकट्याकडे होती.

ती मला नागपुरात एका डॉक्टरच्या आवारात दिसली. बायकोचे डोळे दाखवायला गेलो होतो. गाडी तीन वर्षं उभीच होती. टायर बसलेले, सीटखाली उंदरांचा संसार. डॉक्टर म्हणाला, "काका, ही चालवण्यापेक्षा सांभाळायची गाडी आहे. तुमच्याकडून नाही होणार." नाही होणार म्हटलं की माझं डोकं फिरतं, ते लहानपणापासूनच. शिवाय सगळं आयुष्य ट्रॅक्टरवर उंच बसून, हळूहळू गेलं होतं. एकदा तरी खाली बसून पळून पाहावं असं वाटलं. महिन्याभरात गाडी माझ्या अंगणात होती.

गावानं तिचं नाव बेडूक ठेवलं. बायको पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "अजी, ह्या गाडीत बसा नाही लागत, निजा लागते." पण बसली. डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळून सगळीकडे आली.

मी चौथी शिकलेला माणूस, पण हात चालतात. ट्रॅक्टर चाळीस वर्षं स्वतःच खोलला आणि स्वतःच बांधला. गाडीचंही मीच करू लागलो. ताडपत्री अंथरून तिच्याखाली सरकायचं. जिनिंगच्या दिवसांत हवेच्या जाळीत कापसाचा भुसा बसतो, तो काढायचा. आठ दिवस उभी राहिली की कुंभारीण माशी सायलेन्सरच्या नळीत मातीचं घर बांधते, ते काडीनं फोडायचं. गतिरोधकावर पोट घासू नये म्हणून बाभळीच्या दोन फळ्या मागं डिक्कीत ठेवायच्या, त्या लावून गाडी चढवायची. लोक हसायचे. मला मजा यायची.

ब्रेक तेवढे मी मिस्त्रीकडून करून घेतले. बसस्टँडजवळच्या निंबाखाली त्याचं काम चालायचं. गावाबाहेरच्या तांड्यावरचा बंजारा माणूस, चाळिशीचा. बोलायचा कमी. आमच्याकडचे सगळे ऑटोवाले ब्रेकसाठी त्याच्याचकडे जायचे. त्यानं चारही चाकं खोलून साफ केली, नवे रबरी वायसर, म्हणजे वॉशर, बसवले, आणि बॉनेट उघडून मला ब्रेकच्या तेलाची पांढरी डबी दाखवली.

"काका, ह्या डबीतलं कमी झालं तं मले आवाज द्या. दुसरं काही टाकू नका."

"मले शिकवतं काय?" मी म्हटलं. "तू पाळण्यात होता तवापासून ट्रॅक्टर खोलून राह्यलो."

"ट्रॅक्टरची गोष्ट अलग आहे, काका."

"अलग आहे, अलग आहे. तुमाले धंदा पाह्यजे, तं सगळंच अलग."

तो हसला आणि हात पुसत दुसऱ्या गाडीकडे गेला.

दोन-तीन महिन्यांनी डबीतलं खाली गेलं. मिस्त्री चार पावलांवर होता. पण मी गेलो नाही. त्याच्यापुढे जाऊन, बाबा कमी झालं, टाकून दे, असं म्हणायची मला लाज वाटली. डबीच्या झाकणावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. मला इंग्रजी येत नाही. बायको सातवी शिकली आहे, औषधांच्या डब्या तीच वाचते. तिलाही विचारलं नाही. ट्रॅक्टरचे ब्रेक तेलातच बुडालेले असतात, ते तेल घरात होतं. डबा उचलला आणि ओतलं.

दुसऱ्याच दिवसापासून ब्रेक कडक लागू लागले. मी खूश. बायकोला म्हटलं, "पाह्य, कसे टाइट झाले. मिस्त्रीच्या बापाले जमलं नसतं." ती वाकून चाकांकडे पाहत होती. चाकांना जळका वास येत होता, तो मी उन्हावर ढकलला.

आठव्या-नवव्या दिवशी तिच्या बहिणीकडे दारव्ह्याला निघालो. नदीच्या पुलाकडे उतार आहे. पुढे कापसाचा ट्रक हळू चालला होता. मी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खालपर्यंत गेला. पुन्हा दाबला, तेच. हाताचा ब्रेक ओढला, पण उशीर झाला होता. ट्रकखाली जाण्यापेक्षा मी गाडी डावीकडे घातली. काट्यांचं कुंपण मोडून आम्ही तुरीच्या वावरात थांबलो. मला खरचटलंही नाही. बायकोचा उजवा हात मनगटाजवळ मोडला. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "बांगड्या काढा आधी, सूज यून राह्यली."

तिच्या हाताला प्लास्टर घातलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी सरळ निंबाखाली गेलो. ऑटोवाले होते, बाजाराची माणसं होती.

"तुले ब्रेक येत नाहीत तं दुकान कायले मांडलं?" मी म्हटलं. "तुझ्या हातानं माझ्या बायकोचा हात मोडला. उद्या कोणाचा जीव घेशीन."

मिस्त्री उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला. "काकूले लय लागलं काय?" हे त्यानं आधी विचारलं. मग म्हणाला, "मले एकडाव डबी उघडून पाहू द्या, काका."

"माझ्या गाडीले हात लावशीन तं पाह्य."

कोणीतरी मागून म्हणालं, "म्हातारा खरं बोलून राह्यला. पोरायची गाडी हाये आपली, शाळेची." तो शाळेच्या मुलांचा ऑटो चालवणारा होता. त्याच दिवशी तो ब्रेक दाखवायला दारव्ह्याला गेला. मग दुसरा गेला. पंधरा दिवसांत निंबाखाली पंक्चरवाल्या सायकलींशिवाय काही दिसेना. मी तिथून जाता-येता पाहत होतो. बरं वाटत होतं, हेही लिहून टाकतो.

गाडी यवतमाळला एका गॅरेजमध्ये ओढून नेली. तिथल्या कारागिराने माझ्यासमोर ब्रेक खोलले. रबरी वायसर रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगले होते, बोटानं दाबले तर चुरा होत होता. त्यानं डबीतलं तेल बोटावर घेतलं, वास घेतला.

"ह्याच्यात ट्रॅक्टरचं तेल कोणं टाकलं?"

त्या क्षणी मला सगळं समजलं. ओतताना डब्याचा आवाजसुद्धा आठवला. तो माणूस वाट पाहत होता.

"आमच्या गावचा मिस्त्री आहे एक," मी म्हटलं. "त्यानं."

"त्याले सांगा, काका, हे रबर ह्या तेलात फुगते. माणूस मरन एखांदा. लायसन नसते काय अशा लोकायले?"

मी मान हलवली. आधी मी अडाण्यासारखा चुकलो होतो. आता चांगलं समजून-उमजून बोललो होतो. त्यानं जुने वायसर फेकायला हात उचलला, तेव्हा मी ते मागून घेतले आणि रुमालात बांधले. काहून मागितले, मला तेव्हा सांगता आलं नसतं.

संध्याकाळी घरी आलो. बायको डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. अर्धे खडे तसेच राहत होते.

"काय म्हणे गॅरेजवाला?"

"वायसर खराब निघाले."

"कायच्यानं?"

मी पाणी प्यायलो. तांब्या जागेवर ठेवला. ती ताटातून नजर न उचलता बोलली.

"मी पाह्यलं होतं तुमाले, ट्रॅक्टरचा डबा ओतताना. वाटलं, तुमाले समजत असन. हात मोडला त्याचं मले काही नाही, हाड हाये, जुळन. पण तुम्ही बाजारात त्या माणसाले बोलले, तवापासून वाट पाहून राह्यली. आज सांगतीन, उद्या सांगतीन."

"तू काहून नाही बोलली मंग?"

"माझ्या तोंडून निघालं असतं तं तुम्ही मलेच खोटं पाडलं असतं." मग एक खडा बाजूला टाकत, "त्याची बायको आली होती काल. प्लास्टर निघाल्यावर माह्या हाताले लावाले तेल घेऊन. भांडाले आली असन म्हणून मी दारातच उभी राह्यली. ती म्हणे, काकू, आमचे हे जेवून नाही राह्यले, आपलं काय चुकलं तेच आठवून राह्यले."

मी उठून अंगणात गेलो. गोठ्यापाशी उभा राहिलो, तिथूनही परत आलो. त्या माणसाला स्वतःच्या हातावर शंका आली होती. धंदा गेला तर परत येतो, पण कारागिराला एकदा आपल्या हाताचा भरवसा उरला नाही, तर तो पाना कसा धरेल, हे चाळीस वर्षं पाना धरलेल्या मला सांगायची गरज नव्हती. माझ्या बायकोचा हात मी मोडला होता, तो तरी अपघात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायी बसस्टँडवर गेलो. मिस्त्री निंबाखाली एकटाच सायकलची ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे पाहत होता. आधी त्याच्याकडे गेलो. रुमाल त्याच्यापुढे सोडला. त्यानं एक वायसर उचलला, चिमटीत दाबला, आणि बराच वेळ पाहत राहिला. "मी ओतलं," म्हटलं, "ट्रॅक्टरचं. तू नाही म्हटलं होतं तरी." त्यानं मोठा श्वास सोडला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मग मी रस्ता ओलांडून ऑटोंच्या रांगेत गेलो. पहिल्या ऑटोवाल्याच्या तळहातावर एक फुगलेला वायसर ठेवला आणि तेच सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या ना काका, झालं ते झालं." मी म्हटलं, पुरं ऐकून घे. मग दुसऱ्याला सांगितलं. तिसरा हसला, त्यालाही पुरं सांगितलं. शाळेच्या मुलांचा ऑटो रांगेत नव्हता, मुलं सोडायला गेला होता. तो परत येईपर्यंत मी तिथेच उन्हात उभा राहिलो.