भरीतातली साखर

लॉकडाऊनचा विषय निघाला की मला आधी भरीत आठवतं. लोक हसतात. हसू देत.

तेव्हा मी गुजरातच्या हद्दीलगतच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नाकाबंदीने जीव मेटाकुटीला आलेला, त्यात चार नवऱ्यांचा तक्रार अर्ज आला. एक शिक्षिका मोबाईलवर बायकांचा ग्रुप चालवते, मारहाणीविरुद्ध लिहिते, आमचे संसार मोडते! बाईंना बोलावून मी फैलावर घेतलं.

"घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला आणता?"

"साहेब, सगळ्यांची दारं बंद आहेत. बोलायला मोबाईलच उरलाय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खापर गावची एक बाई दोन दिवस ग्रुपवर गप्प होती, तिचा मेसेज आला होता. 'मी बरी शे. भरीत करं, साखर टाकी, मस्त झायं.'

शिक्षिका ताडकन उठल्या. "गाडी काढा साहेब! नवरा मेसेज वाचत असला की पदार्थात चूक करायची, असं आमचं ठरलंय."

मी हसलो. "अहो, गुजरातच्या शेजारचं गाव. टाकली असेल साखर!"

माझी महिला हवालदार शांतपणे म्हणाली, "साहेब, डाळमा टाकतस. भरीतमा कोनीच नही टाकत."

डायरीला नोंद केली आणि निघालो. तिचा नवरा ओट्यावरच बसलेला, अगदी नम्र.

"बायको माहेरले गयी, साहेब."

"आज भरीत केलं म्हणे तिने?"

"हां, सकायलेच करं."

"मग माहेरी गेली कधी? सकाळपासून नाक्यावर माझी माणसं आहेत, कोणीच गेलं नाही."

त्याला बाजूला सारून आम्ही घरात शिरलो. आत चूल थंडगार होती आणि मागच्या खोलीला कुलूप. हवालदारणीने ते तोडलं. आत ती बाई पडली होती, हात मोडलेला, ताप चढलेला. ग्रुपवर विचारपूस वाढली म्हणून त्यानेच तिच्याकडून मेसेज लिहून घेतला, वाचला आणि पाठवला. साखर त्याच्या लक्षातच आली नाही. अजून एक दिवस गेला असता तर ती हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

त्याला अटक केली, चार नवऱ्यांचा अर्ज निकाली काढला. पण मनात एक गोष्ट सलत राहिली. साखर त्याला कळली नव्हती, तशी मलाही कळली नव्हती. उभ्या नोकरीत मी स्वयंपाकघरं पाहिली ती पंचनाम्यापुरती. स्वतःच्या घरातलं तर तेवढंही नाही.

त्या संध्याकाळी जेवताना बायकोला विचारलं, "भरीतात काय काय घालतेस गं?"

तिने हातातली भाकर माझ्या ताटात टाकली. मग म्हणाली, "तीस वरीस खाई ऱ्हायनात, अन् आज इचारतस?"