रामोजीरावांची सायकल बसखाली

सायकलवाल्याच्या शेजारी राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कपाटामागं धूळ साचावी तसे आपसूक साचतात. आमचे शेजारी रामोजीराव टेलर. कन्नड मुलखातल्या आमच्या ह्या शहरात त्यांचं घर जयनगरला, दुकान शिवाजीनगरला आणि मधला सगळा रस्ता बस-लॉऱ्यांच्या कडेकडेनं सायकलवर. संध्याकाळी माणूस धड घरी यावा, एवढंच त्यांच्या बायकोचं, यशोदाक्काचं, देवाकडे मागणं.

त्या दिवशी संध्याकाळी मी बस स्टॉपजवळ कोथिंबीर घेत होते. शेजारी दोघी बोलत होत्या. "अगं, टेलर रामोजीरावांची सायकल म्हणे बसखाली..." तेवढ्यात त्यांची बस आली आणि दोघी चढून गेल्या.

सायकल बसखाली, आणि रामोजीराव? कोथिंबीर तिथंच टाकून मी घराकडे सुटले. पाय पुढे पळत होते आणि डोकं मागचं एकेक काढत होतं.

*

आमच्या माडीवर पुण्याचे कुलकर्णी भाड्यानं राहायचे, कंप्यूटर कंपनीतले. ते एकदा म्हणाले, "काका, बेसिक सेफ्टी म्हणून तरी मिरर लावा. मागचं ट्रॅफिक दिसायला नको?" रामोजीरावांनी मिरर लावला आणि संध्याकाळी गुडघा सोलून घरी आले.

"मिररमध्ये दिसलं नाही का हो?" मी विचारलं.

"मागचं सगळं दिसलं. पुढची म्हैस तेवढी राहिली."

*

मग यशोदाक्कानं मनावर घेतलं. कॅरिअरला आडवी काठी बांधली, उजवीकडे हातभर बाहेर, टोकाला लाल ब्लाउजपीस. बसवाले खरंच लांबून जायला लागले. पण चार दिवसांत काठी गायब.

"सिग्नलला बायका थांबवतात," रामोजीराव म्हणाले. "ह्या रंगात अजून आहे का, विचारतात."

*

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लॉऱ्या सुसाट यायच्या. म्हणून आम्हीच जवळच्या एका पाडलेल्या घराची विटा-माती आणून रस्त्यात आडवा हंप केला. लॉऱ्या त्यावरून उडून जायच्या, पडायच्या त्या सायकली. पहिले कोण पडले ते सांगायला नको. हंपवर बसल्या बसल्याच म्हणाले, "छान झालाय. फक्त स्वल्प, थोडासा, मऊ करा."

*

नंतर वॉर्ड ऑफिसातल्या लोकांच्या मागं लागून मोठ्या रस्त्याच्या कडेला पांढरी पट्टी मारून घेतली. पट्टीच्या आत सायकली, बाहेर गाड्या. सकाळी बघतो तर आत फूलवाली टोपली मांडून बसलेली. मी म्हटलं, "अम्मा, ही जागा सायकलींची आहे."

"सरी अक्का, बरोबर आहे. पण आजच पहिल्यांदा गाड्या अंगावर येत नाहीत. उठू कशी, तूच सांग."

मी मोगरा घेतला आणि आले.

*

गल्लीत शिरले तर रामोजीरावांच्या दारात सायकल. पुढचं चाक पापडासारखं दुमडलेलं. मी धावत आत गेले.

रामोजीराव खुर्चीत, धडधाकट. सायकल बसखाली गेली ते खरं. रामोजीराव मात्र त्या वेळी ती रस्त्याकडेला लावून फुटपाथवर एका गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेत होते! आणि समोर बसलेला खाकी कपड्यातला माणूस म्हणजे तोच बस ड्रायव्हर. ड्युटी संपवून सायकल स्वतः पोचवायला आला होता, मान खाली घालून.

यशोदाक्कानं त्याला कॉफी दिली. कॉफी संपल्यावर देवापुढच्या समईला हात लावायला सांगितलं. "म्हण, सायकलवाला दिसला की ब्रेकवर पाय."

त्यानं कन्नडमधून शपथ घेतली. उठता उठता म्हणाला, "पण अक्का, डेपोत ड्रायव्हर पुष्कळ आहेत. मी एकट्यानं शपथ घेऊन काय होणार?"

यशोदाक्का पेला उचलत म्हणाली, "का, बाकीचे कॉफी पीत नाहीत?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सवयीनं खिडकीतून डोकावले. यशोदाक्काच्या दारात तीन खाकी शर्टवाले ओळीनं उभे राहून चपला काढत होते.