सांभाळाची अट

शिरूरला रजिस्टर ऑफिससमोर माझं टेबल आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि डोक्यावर पत्रा. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, म्हणाल ते लिहून देतो. वीस-बावीस वर्षं झाली. एका गोष्टीसाठी माझं नावही आहे. म्हातारं माणूस मुलाच्या नावावर जमीन करून द्यायला आलं, की मी कागदात एक अट घालतोच. मुलाने हयातभर सांभाळ करायचा, औषधपाणी बघायचं, न बघितल्यास बक्षीसपत्र रद्द. ही अट लिहिलेली असली तर म्हाताऱ्याला प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करून जमीन परत मागता येते. नसली तर फार तर महिन्याचा खर्च मिळतो, जमीन परत मिळणं अवघड.

मुलं नाक मुरडायची. आमच्यावर भरवसा नाही का, म्हणायची. मी म्हणायचो, भरवसा आहे ना, मग एका ओळीने तुमचं काय जातंय? हे बोललो की समोरचा मुकाट सही करायचा आणि मला दिवसभर बरं वाटायचं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बाजारच्या दिवशी येऊन टेबलाजवळच्या दुसऱ्या खुर्चीवर बसायचे. वाचता येत नव्हतं, पण मी दस्त मोठ्याने वाचून दाखवायचो ते सगळं ऐकायचे. आमची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर टाकून कोकणात उतरायचं, हेच आजोबांनी केलं आणि निम्मं आयुष्य आबांनीही केलं. मग त्यांनी मेंढरं विकून तीन एकर घेतली आणि गाव धरला. म्हातारपणी एका जागी पडून राहायला मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं. तसं ते बोलूनही दाखवायचे.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मीच विषय काढला. तुमच्या डोळ्यांदेखत जमीन माझ्या नावावर झाली की मागे कटकट नको, म्हटलं. राहू गावात दिलेल्या धाकट्या बहिणीला संमतीच्या सहीसाठी बोलावलं. रीतीप्रमाणे तिला साडी-चोळी केली. तिने कागद वाचलाही नाही. दादा लिहितोय म्हणजे बरोबरच असणार, म्हणाली.

प्रिंट काढण्याआधी मी दस्त वाचून दाखवला. आबा मान खाली घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर हळूच म्हणाले, "ती वळ हाय का यात? तू समद्यास्नी घालतूस ती?"

माझे कान तापले. शेजारच्या टेबलावरचे दोघे ऐकत होते. मी म्हणालो, "आबा, घरच्या कागदात कशाला ती? मी काय तुम्हाला रस्त्यावर टाकणार हाय का?"

"न्हाई, तसं न्हाई," ते घाईघाईने म्हणाले, "इचारलं आपलं." आणि चूक त्यांचीच झाल्यासारखे उठून आत अंगठा द्यायला गेले. माझा अपमान झालाय असं मला दुपारपर्यंत वाटत होतं. जेवतानाही मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

तीन वर्षांनी आबांची उजवी बाजू गेली. बायको कंपनीत सकाळच्या ड्युटीला जायची आणि येऊन त्यांचं करायची. त्यांच्या सेवेला लावलेला माणूस आठ दिवसांत पळाला. आबांचं अंथरूण बदलायची वेळ आली की मला नेमकं ऑफिसातलं काम आठवायचं. दोष ढकलायला बायकोचं नाव सोपं आहे, पण तिने केलं. मी केलं नाही. मला किळस यायची आणि ती मी कामाच्या नावाखाली लपवायचो.

बहीण भेटायला आली तेव्हा तिला त्यांच्या पाठीवरची जखम दिसली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, पंधरा दिस मी नेते आबांना." तिचा चहा संपायच्या आत मी गाडी सांगितली होती.

त्या पंधरा दिवसांना आता दोन वर्षं होतील. महिन्यातून एकदा मी केळी आणि डायपरची पाकिटं घेऊन राहूला जातो, अर्धा तास बसतो, येतो.

मागच्या महिन्यात पाबळची एक म्हातारी मुलाला घेऊन टेबलावर आली. मी तिला ती अट समजावत होतो, अगदी रंगात येऊन. ती मध्येच म्हणाली, "तुमचं आबा हितं बसायचं न्हवं? कसं हाईत?"

"बहिणीकडं असतात," मी म्हणालो. "तिकडं हवा मानवते त्यांना."

म्हातारीचा मुलगा हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्याच आठवड्यात मी बसून कागद तयार केला. निम्मी जमीन बहिणीच्या नावावर. मसुदा घेऊन राहूला गेलो, तेव्हा वाटेत मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं, तेही सांगून टाकतो.

बहीण आबांचं अंग पुसायला गरम पाणी घेऊन चालली होती. मी कागद पुढे केला. तिने तो न उघडता कोनाड्यात ठेवला. "ते मागनं बघू. आलाच हाईस तर आबांस्नी धर एका अंगानं."

मी बाह्या सारल्या आणि खाटेशी वाकलो. तोपर्यंत आबा तिच्यासमोर निवांत पडले होते. मी हात लावताच त्यांनी धड असलेल्या डाव्या हाताने चादर ओढली आणि छातीपर्यंत घट्ट धरली.

"आबा, दादाच हाय," बहीण म्हणाली.

त्यांची जीभ जड झालीय, पण शब्द कळले. "त्याला सवय न्हाई. जाऊ दे त्याला भाईर."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी थांबतो म्हणालो असतो तर तिने जागा करून दिली असती. मी कसनुसा हसलो आणि बाहेर ओसरीवर आलो. आतून पाण्याचा आवाज येत होता, ती त्यांच्याशी काहीबाही बोलत होती आणि आबा हुंकार देत होते. आणि मला, खरं लिहायचं तर, सुटल्यासारखं वाटलं.