डिलीट होऊन राहिले

"डिलीट होऊन राहिले म्हणजे झाले ना डिलीट? मग आता काय हवंय भाऊ, श्रद्धांजली?"

हे उत्तर मला मोबाइलवरच्या एका ग्रुपवर भर दुपारी सव्वादोन वाजता आलं. खाली बारा-तेरा जणांनी हसणारे चेहरे टाकले. मग कोणीतरी लिहिलं, "काहून भाऊ, काहून?" त्याला त्याहून जास्त चेहरे मिळाले. मी तेव्हा अमरावतीच्या एका फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरसमोर बसले होते. माझ्या डोळ्यांदेखत लोकांच्या लग्नांचे फोटो एकामागून एक पुसले जात होते.

पुसले जात होते. अजून पुसून झाले नव्हते. सगळी गोष्ट एवढ्या फरकाची आहे.

स्टुडिओत मी तीन वर्षं होते. आमच्या घरी झेंडूचा मळा. घरातली कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि कॉलेजातून निघून लग्नात लाइट धरणारीही पहिलीच. लाइट धरणं म्हणजे नवरा-नवरी हसेपर्यंत हात वर करून उभं राहणं. लग्नाच्या एकाही फोटोत आपण नसतो. आपला उजेड तेवढा असतो.

मोबाइलवर पाहून पाहून मी पायथन शिकत होते. स्टुडिओच्या मालकांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांना ते कळलं. अकरा वर्षांच्या लग्नांचे फोटो एका मोठ्या डिस्कमध्ये होते आणि ती गच्च भरली होती. एकच फोटो दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी ठेवलेला. दादा म्हणाले, "तुले येते न ते प्रोग्रामिंग? काढ मंग डबल फोटो. जमलं तं तुले कॉम्प्युटरचंच काम देतो. लाइट धराले दुसरं कोनी पाहू."

मला तेवढंच हवं होतं. हात खाली घ्यायला मिळावेत.

मी प्रोग्राम लिहिला. एकाच नावाचा फोटो दुसऱ्यांदा दिसला की पुसून टाक. एका लग्नावर चालवून पाहिला. बरोबर चालला. मग पूर्ण डिस्कवर लावला.

कॅमेरा काही हजार फोटो काढून झाले की पुन्हा एक नंबरपासून मोजायला लागतो, हे मला माहीत होतं. पण ते लक्षात आलं नाही. माहीत असणं आणि वेळेवर लक्षात येणं ही वेगळी खाती आहेत. त्यामुळे अंजनगावच्या नवरीचा फोटो आणि बडनेऱ्याच्या नवरदेवाचा फोटो एकाच नावाचा निघाला. प्रोग्रामच्या लेखी ती दोघं एकच. त्यातलं जुनं त्याने ठेवलं, नवं पुसलं.

डिस्क जुनी होती, काम हळू चाललं होतं. पहिल्या वर्षापासून सुरुवात करून तो एकेक वर्ष पुढे सरकत होता. माझ्या लक्षात आलं तेव्हा तो सहाव्या वर्षात होता. मी पाचव्या वर्षातलं एक लग्न उघडून पाहिलं. वरात होती, हळद नव्हती. प्रोग्रामने पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही. सरळ जातं.

तुम्ही म्हणाल, थांबवायचा की. मीही आज तेच म्हणते. पण पूर्वी एकदा फाइल कॉपी होत असताना मी पेन ड्राइव्ह उपसला होता आणि तो कायमचा गेला होता. तेव्हा गावातल्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "चालू काम मधात तोडलं की डिस्क मरते." ते डोक्यात पक्कं बसलेलं. इथे मधात तोडलं आणि अकराच्या अकरा वर्षं गेली तर? दादांना फोन लावला. ते चिखलदऱ्याला प्री-वेडिंगच्या शूटिंगला गेले होते. तिथे दरीच्या काठाशी उभं राहून मिठी मारायला जागा आहे, रेंज नाही.

म्हणून मी ग्रुपवर विचारलं.

ग्रुप मराठीतून प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांचा होता. सगळ्यात वर अ‍ॅडमिन सरांनी कायमचा चिकटवलेला संदेश होता: मातृभाषेतून तंत्रज्ञान ही काळाची गरज आहे, न्यूनगंड न बाळगता आपल्या मायबोलीत निःसंकोच विचारा. शेजारी सरांचा फोटो. खांद्यावर शाल, हातात नारळ. मी न्यूनगंड बाळगला नाही. मायबोलीत विचारलं. शब्दशः हे:

"सर मी फोटो स्टुडिओत काम करतो. डबल फोटो काढाचा प्रोग्राम लावला होता. आता चांगले फोटो बी डिलीट होऊन राहिले. काहून होऊन राहिले समजत नाई. काय करू लवकर सांगा."

आमच्याकडे बायाही 'मी करतो, मी जातो' म्हणतात. म्हणून मी भाऊ झाले. त्या दुपारी मिळालेला तो एकमेव मान.

'काहून' म्हणजे 'का'. आणि 'होऊन राहिले' म्हणजे आमच्याकडे 'होत आहेत'. आता, या मिनिटाला. माय चुलीपुढून ओरडते, "भाकरी करून राहिली न मी!" तेव्हा भाकरी तव्यावर असते. पण पुण्याच्या कानाला त्यातलं 'राहिले' ऐकू येतं. होऊन राहिले, म्हणजे होऊन बसले. संपलं.

पहिल्या उत्तरानंतर अ‍ॅडमिन सर स्वतः आले. त्यांनी लिहिलं, "एकदा डिलीट झालेले फोटो परत येत नाहीत. भविष्यात बॅकअप ठेवावा. तसेच ग्रुपमध्ये कृपया प्रमाण मराठीत लिहावे. आधी भाषा, मग कोड."

मी ते चार वेळा वाचलं. सर जाणकार. सर म्हणतात, झालं. म्हणजे आता थांबवून उपयोग नसेल. म्हणजे जे जायचं ते गेलंच असेल, हे पडद्यावर पळतंय ते नुसती नावं असतील. मी हात मांडीवर ठेवले आणि पाहत बसले. सव्वाचार वाजता प्रोग्राम स्वतःहून थांबला. अकरावं वर्षही संपलं होतं. त्या दोन तासांत ग्रुपवर 'काहून' या शब्दाचं एक स्टिकरही तयार झालं होतं. त्या कामाला मात्र लोकांना वेळ मिळाला.

संध्याकाळी अकोल्याच्या एका माणसाचा मला वेगळा मेसेज आला. तोही त्याच ग्रुपवर होता. धान्याच्या एका पेढीवर कॉम्प्युटर सांभाळायचा.

"भाऊ, बंद केला न तो प्रोग्राम?"

"संपला," मी लिहिलं. "सव्वाचारले."

बराच वेळ तो काही लिहीत होता आणि खोडत होता. मग आलं, "होऊन राहिले म्हने तुमी. म्हंजे चालूच होता न. कंट्रोल अन् सी दाबाचं होतं. उरलेले वाचले असते. डिस्कले काई होत नाई."

"तुमी ग्रुपवर काहून नाई सांगतलं?"

"म्या दुपारीच वाचलं होतं. पन तिथं लिवाले भेव वाटते. मागं मले बी असेच हसले होते."

दोन बटणं. ती माहीत असलेला एक माणूस ग्रुपवर होता, माझी भाषा त्याला समजली होती, आणि तो गप्प बसला होता. हसणारे तेरा होते. मला जास्त राग कोणाचा आला, हे अजून ठरलेलं नाही.

त्याने आणखी सांगितलं की डिस्कवर नवीन काही टाकलं नसेल तर थोडे फोटो परत काढता येतील. पण तोवर चिखलदऱ्याहून दादा परत आले होते आणि जागा झाली म्हणून खुश होऊन त्यांनी त्याच डिस्कवर नवं शूटिंग ओतलं होतं. मी खरं सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. म्हणाले, "आता कॉम्प्युटरले हात लावू नको." मी लाइट उचलला.

त्या दुपारनंतर नवव्या दिवशी शांता मावशी आली. स्टुडिओच्या कोपऱ्यावर ती हार विकते. आमच्या मळ्यातला झेंडू तिच्याकडे जातो, त्यामुळे मला लहानपणापासून ओळखते. तिची आई वारली होती.

"काय व पोरी, माह्या मायचा फोटो काढून दे. सुनीच्या लग्नात दादानं काढला होता न, नातजावयाच्या बाजूले. हासून राहिली होती बुडी. तोच मोठा कर. तेरवीले लागते."

सुनी म्हणजे मावशीची लेक. तिचं लग्न मागच्या वर्षीचं. अकराव्या वर्षातलं. सव्वादोन वाजता तो फोटो होता.

दादा म्हणाले, "मावशी, ते मशीन खराब झालं. फोटो गेला." आणि आत निघून गेले. मावशी माझ्याकडे वळली. मशीन हा शब्द मला सहन झाला नाही.

"मशीन नाई, मावशी. मी पुसला. चुकून."

ती खाली बसली. "आधार कार्डावरचा हाये एक. पन त्याच्यात ती पकडून आनल्यावानी दिसते." मग म्हणाली, "तुले समजत नव्हतं तं कोनाले विचारलं नाई काय?"

"विचारलं होतं."

"मंग?"

"हासले."

"काहून?"

इतक्या दिवसांत तो शब्द मी पहिल्यांदाच धड वापरलेला ऐकला. मावशी उठली, टोपली उचलली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. तेरवीला आधार कार्डावरचाच फोटो लागला. मी पाहिला. खरंच तशीच दिसत होती.

घरी येऊन मी ग्रुप उघडला. माझा जुना प्रश्न वर जाऊन शोधला आणि परक्याचा असल्यासारखा वाचला. वाईट प्रश्न होता. कोड दिला नव्हता. प्रोग्राम आत्ता चालू आहे, हे कुठेच लिहिलं नव्हतं. आणि मला विचारायचं होतं ते विचारलंच नव्हतं. मधात थांबवला तर डिस्क मरेल का, ही भीती माझ्या डोक्यातच राहिली आणि लोकांना मी नुसतं 'काय करू' विचारलं. हे माझं. हे मी कोणावर ढकलत नाही.

मग मी तोच प्रश्न पुन्हा लिहिला. कोडसकट.

"प्रोग्राम चालू हाये. एकाच नावाचे फोटो पुसाले लावला होता. पन वेगळे फोटो बी पुसून राहिला, म्हंजे आता, या मिनिटाले. कोड खाली देल्ला. मधात थांबवला तं डिस्क खराब होईन काय? नसन होत तं कसा थांबवू?

असं विचाराचं होतं. तवा मले आलं नाई, ते माझं चुकलं. पन 'होऊन राहिले' म्हंजे 'होत आहेत'. तुमाले समजलं नव्हतं तं एक डाव विचाराचं होतं. तुमी हासले. तवा पाच वर्षाचे फोटो बाकी होते. अन् मी भाऊ नाई."

या वेळी एकही चेहरा आला नाही. दहा मिनिटांनी सर आले. "भाषिक वाद ग्रुपच्या नियमांत बसत नाहीत. संदेश त्वरित काढून दिलगिरी व्यक्त करावी, अन्यथा सदस्यत्व रद्द करण्यात येईल."

मी लिहिलं, "काढत नाई."

मला काढलं. याला मात्र 'काढून राहिले' म्हणता येत नव्हतं. व्याकरण या वेळी दोन्हीकडे सारखं होतं.

अकोल्याच्या माणसाचा मेसेज आला. "लय चांगलं लिवलं ताई. म्या तिथं लाइक नाई केलं, समजून घ्या." मी समजून घेतलं नाही. तसं त्याला कळवलं.

यातून काही चांगलं निघालं असं मला सांगता येत नाही. बुडीचा फोटो नाही. मावशी मळ्यातला माल घेते, माझ्याशी बोलत नाही. मी लग्नात लाइट धरते. तो ग्रुप चालू आहे, वरचा संदेशही तसाच असेल. उद्या कुठल्या तरी गावातली मुलगी तो वाचेल, विश्वास ठेवेल आणि 'मले' लिहून बसेल.

हे सगळं मी पुस्तकी मराठीत लिहिलं आहे. समजलं नाही म्हणायला या वेळी जागा ठेवायची नव्हती.

शिकणं मी सोडलेलं नाही. दोन नव्या ग्रुपवर आहे. प्रश्न टाकताना आता या घटकेला काय चालू आहे ते आधी लिहिते, कोड देते, भीती कशाची वाटते तेही लिहिते, आणि लिहिते वऱ्हाडीतच. प्रश्न नीट विचारणं हे माझं काम आहे, ते मी करीन. पण आधी भाषा सुधारून या असं जिथे सांगतील, तिथे मी तोच प्रश्न त्याच भाषेत दुसऱ्यांदा विचारीन. तिसऱ्यांदाही. त्यांना मला काढावं लागेल, सगळ्यांच्या देखत. मी स्वतःहून निघणार नाही आणि लिहिलेलं एक अक्षर पुसणार नाही.